मालाची गरज काढताना शिल्लक नेमकी कुठे वजा करायची

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह, पंप, पॅनेल बनवणारे कितीतरी छोटे कारखाने महिन्याचं नियोजन अजून एक्सेलमध्येच करतात. आलेल्या ऑर्डरी एकत्र करायच्या, बीओएमने (एका नगाला कोणते भाग किती लागतात त्या यादीने) गुणायच्या, खाली जो कच्चा माल निघेल त्यातून स्टोअरची शिल्लक वजा करायची आणि उरेल तेवढ्याची पीओ, म्हणजे खरेदी ऑर्डर, काढायची. ही वजाबाकी शेवटी एकदाच केली की आकडा हमखास फुगतो. शिल्लक प्रत्येक पायरीवर वजा व्हायला हवी, आणि तीही फक्त मोकळी शिल्लक.

५० मिमीच्या बॉल व्हॉल्व्हचं उदाहरण घेऊ. मागणी २०० नगांची. तयार माल ६०, पण त्यातले १५ दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या डिस्पॅचसाठी राखलेले आणि २० सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीसाठी ठेवलेला माल) म्हणून हलवायचे नाहीत. म्हणजे मोकळे २५. शिवाय ४० नग बनवायची एक वर्क ऑर्डर कारखान्यात आधीच उघडी आहे. निव्वळ गरज: २०० − २५ − ४० = १३५.

आता एक पायरी खाली. मशीनिंग झालेल्या ५० बॉडी रॅकवर दिसतात. इथे थांबून विचारायचं की त्या ४० नगांच्या वर्क ऑर्डरला स्टोअरमधून बॉडी इश्यू झाल्या (दिल्या गेल्या) आहेत का? झाल्या नसतील तर ५० पैकी ४० तिच्याच आहेत, आपल्या वाट्याला १०. म्हणून मशीनिंगला लावायच्या बॉडी १३५ − १० = १२५. मशीनिंगमध्ये ब्लो होल (ओतकामात राहिलेली हवेची भोकं) उघडी पडून १० टक्के रिजेक्शन जात असेल तर १२५ ला ०.९ ने भागायचं. उत्तर १३८.९, म्हणजे १३९ कास्टिंग (मशीनिंग न झालेल्या ओतीव बॉडी). बरेच जण १.१ ने गुणतात, १३८ येतात आणि शेवटी एक बॉडी कमी पडते. यार्डात ७० कास्टिंग आहेत, म्हणून मागवायची ६९. राजकोटची फाउंड्री २५ च्या पटीत ओतत असेल तर ऑर्डर ७५ ची, आणि वरच्या ६ पुढच्या महिन्याच्या शिलकेत.

हाच हिशेब दोन चुकीच्या रीतींनी करून बघा. राखीव बॉडी विसरलात तर ८५ बॉडी, ९५ कास्टिंग आणि मागणी फक्त २५ ची निघते. गरजेपेक्षा ४४ कमी. हे कळतं ते असेंब्ली अडल्यावर, कारण वर्क ऑर्डरची पिक लिस्ट (स्टोअरमधून उचलायच्या मालाची यादी) निघेपर्यंत रॅक भरलेलाच दिसतो. उलट, सरळ २०० वरून २२३ कास्टिंग काढून शेवटी ७० वजा केलेत तर १५३ मागवाल. जास्तीची ८४ कास्टिंग पावसाळ्यात यार्डात गंजत पडतील आणि पैसे अडकतील ते वेगळेच. बॉलभोवती बसणाऱ्या पीटीएफई (टेफ्लॉन) सीटचंही असंच आहे. व्हॉल्व्हमागे २, म्हणजे १३५ साठी २७०. पण वर्क ऑर्डरने अजून उचलल्या नसतील तर तिच्या ८० सीट शिलकेतून आधी बाजूला काढायच्या.

मोकळी नसलेली शिल्लक आणखीही असते. ऑर्डर बॉयलरवर बसणाऱ्या व्हॉल्व्हची असेल आणि शिल्लक माल आयबीआर (भारतीय बॉयलर नियम) प्रमाणपत्राशिवायचा असेल, तर त्या ऑर्डरपुरता तो माल शून्य धरा. डब्ल्यूसीबीची (कार्बन स्टील) बॉडी सीएफ८एमच्या (स्टेनलेस स्टील) जागी चालत नाही, हे स्टोअरला माहीत असतं. एक्सेलच्या एकाच आयटम कोडला माहीत नसतं. जॉबवर्कला चलनावर गेलेला माल पुस्तकात आपला दिसतो, पण परत येण्याची तारीख धरल्याशिवाय तो मोजू नका. क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) अडकलेला माल तर पास होईपर्यंत बाहेरच ठेवा.

मग शिल्लक न धरता नियोजन कधी करायचं? जिथे भट्टी बंद करणं परवडत नाही तिथे. सिमेंट आणि पोलाद ही नेहमीची उदाहरणं, कारण गोदाम भरलं म्हणून ब्लास्ट फर्नेस थांबवता येत नाही. सॅप या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी नियोजनाची स्ट्रॅटेजी ११ आहे. शिल्लक धरणारी ती १०. या दोघींतला एक फरक फार महत्त्वाचा वाटतो. १० मध्ये योजलेली मागणी माल डिस्पॅच झाल्यावर कमी होते, ११ मध्ये ती उत्पादनाची पावती पडताच कमी होते. ११ साठी मटेरियल मास्टरमध्ये (आयटमच्या नोंदीत) मिक्स्ड एमआरपी या रकान्यात २ टाकावा लागतो.

एक्सेलमध्ये ढोबळ गरजेवर, म्हणजे शिल्लक न धरता, चालणाऱ्यांची गाडी इथेच घसरते. माल तयार झाला तरी मागणीची ओळ कोणी खोडत नाही, आणि पुढच्या रनला (नियोजनाचा हिशेब पुन्हा चालवताना) तीच मागणी पुन्हा मालाची गरज काढते. समजा महिन्याचा अंदाज १०० चा. १०० बनले, ६० विकले. निव्वळ हिशेबात पुढच्या महिन्याला ६० पुरतात. ढोबळ हिशेबात पुन्हा १०० बनतात, आणि तसेच बनायला हवेत, कारण तिथे तोच हेतू असतो. पण आधीच्या महिन्याचे १०० खोडलेच नसतील तर शीट २०० मागते. फाउंड्रीशी वर्षाचा रेट ठरवताना मात्र ढोबळ आकडाच बरा, कारण त्या बोलणीत वर्षभराचा खप महत्त्वाचा आणि आजची शिल्लक गौण असते.

ढोबळवरून निव्वळ हिशेबाकडे वळणार असाल तर पहिल्या रनआधी उघड्या पीओंची यादी काढा. जुन्या, अर्ध्या आलेल्या आणि आता कधीच पूर्ण न होणाऱ्या पीओ बंद करा. त्या तशाच राहिल्या तर येणारा माल म्हणून वजा होतील आणि खरी गरज झाकली जाईल. मग महागड्या आणि उशिरा मिळणाऱ्या आयटमांची प्रत्यक्ष मोजणी करा, निगेटिव्ह शिल्लक दाखवणारे कोड दुरुस्त करा, राहिलेल्या इश्यू स्लिपा चढवा आणि त्यानंतरच रन घ्या.