मलप्रभेकाठचं घर आणि एका ‘अप्पा’पायी गेलेले पाच महिने

नदीकाठी घर घेतोय म्हटल्यावर सगळ्यांनी मला पाण्याची भीती घातली. आई तर म्हणाली, "नाल्यातनं उठून नदीत चाललास काय रे?" कारण आम्ही बेळगावात शहापुरात भाड्यानं होतो आणि 2019 च्या ऑगस्टात बळ्ळारी नाला फुगला तेव्हा घरात गुडघाभर काळं पाणी, फ्रीज टेबलावर चढवून दोन रात्री पाहुण्यांकडं काढलेल्या. दसऱ्याला इकडं राहायला आलो, अजून पुरता पावसाळा इथं काढलेला नाही हे मान्य, पण नदीबद्दल आजघडीला माझी एक पण तक्रार नाही. तक्रार आहे ती फॉर्म 9 ची, म्हणजे पंचायतीच्या घराच्या उताऱ्याची, आणि ती मी भेटेल त्याला सांगत सुटलोय.

गाव खानापूर तालुक्यातलं, मलप्रभेच्या काठावर, नाव लिहीत नाही. कणकुंबीला उगम होऊन नदी इकडं येते तोवर अजून लहानच असते, उन्हाळ्यात पोरं चालत पलीकडं जातात. चिऱ्याचं घर, मंगळुरी कौलं, मागं परडं, परड्याच्या खाली चाळीस पावलांवर पाणी. बायकोच्या मामांनी फेब्रुवारी 2025 मध्ये दाखवलं, एका दुपारी पसंत पडलं, 14 लाखाला ठरलं, ॲडव्हान्स दिला. यात लिहिण्यासारखं काही नाही.

एवढंच की पुराचं मालकाला विचारू नका, मालक म्हणणारच की आमच्याकडं पाणी येत नाही. मी शेजारच्या आजींना विचारलं. त्या परडं झाडत होत्या, तशाच उठल्या आणि खराट्याचा दांडा नारळाच्या बुंध्याला टेकवून म्हणाल्या, "हितंवर आल्तं एकोणीस साली. वर न्हाई आलं." बुंध्यापासून आमची मागची पायरी बरीच वर आहे, तिथंच माझा निम्मा जीव खाली पडला. आणि पावसाळ्यात इकडची माणसं हब्बनहट्टीचा मारुती बुडाला काय ते आधी विचारतात. तो नदीतच आहे, जोराचा पाऊस लागला की देऊळ पाण्याखाली जातं, त्यावरनं अंदाज बांधतात.

आता मूळ दुखणं. पंचायतीच्या हद्दीतलं घर घ्यायचं तर ई-स्वत्तूवर, म्हणजे कर्नाटकातल्या पंचायतींच्या मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीवर, फॉर्म 9 आणि 11 निघालेला पाहिजे, त्याशिवाय सब-रजिस्ट्रार दस्ताला हात लावत नाही. 9 म्हणजे मालमत्तेचा उतारा, 11 म्हणजे घरपट्टीची मागणी, वसुली, बाकी. घरमालक तात्या म्हणाले, "देतील की आठवड्यात." तेव्हा एप्रिल चालू होता.

घर तात्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. (घर कुणाच्या नावावर आहे ते ॲडव्हान्स द्यायच्या आधी बघा, मी दिल्यावर बघितलं.) तेवढ्यानं पण अडलं नसतं, वारसा लावून मिळतो. पण मृत्यूच्या दाखल्यात वडिलांचं नाव परशराम आणि पंचायतीच्या रजिस्टरात परसप्पा. नावं बदलून लिहितोय, भानगड मात्र हीच. कधीतरी कन्नडमध्ये रजिस्टर उतरवून काढताना लिहिणाऱ्यानं आपल्या सवयीनं मागं ‘अप्पा’ लावला असणार, मानानंच लावला असेल. आपल्या भागात हे घरोघरी आहे, बाळूचा बाळप्पा, नागोजीचा नागप्पा. टेबलावरचा क्लार्क दोन्ही कागद शेजारी ठेवून मलाच विचारतो, "परशराम यारु, परसप्पा यारु?" म्हणजे परशराम कोण, परसप्पा कोण?

मग काय, नोटरीकडं अफिडेव्हिट की दोन्ही नावं एकाच माणसाची. मग वंशावळ. मग तात्यांच्या तीन बहिणींच्या संमतीच्या सह्या, एक गडहिंग्लजला, एक चंदगडकडं, एक म्हापशाला, तिघींकडं मी स्वतः गाडी मारत गेलो, चहा पिला, एकीकडं जेवलो पण. गडहिंग्लजच्या अक्कांचे कागद मराठीत होते म्हणून पंचायतीत सांगितलं, "कन्नडदाग माडिस्कोंड बर्री." केलं भाषांतर. त्यात भाषांतरवाल्यानं परशरामचा परशुराम केला! म्हणजे आता माणूस एक, नावं तीन. मी त्या बाकड्यावर बसून हसलोय की रडलोय ते आठवत नाही. तर भाषांतर हातात घेतल्यावर नावाचं एकेक अक्षर तिथंच उभं राहून तपासा, घरी येऊन नको.

जूनमध्ये "सर्वर डाऊन ऐती". जुलैत पीडीओंची (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांची) बदली झाली आणि नव्या मॅडमची डिजिटल सहीची किल्ली यायची होती. पेनड्राइव्हसारखी इवलीशी वस्तू, तिच्यासाठी अख्खी पंचायत हातावर हात ठेवून बसलेली. मी शहापुरातनं तास-दीड तास करून जायचो, भर पावसात, आणि ऐकायचो "नाळे बर्री", उद्या या. पूर्वी लोक दारावर ‘नाळे बा’ लिहून ठेवायचे म्हणे, भूत यायचं, वाचायचं आणि उद्या येतो म्हणून परत जायचं, रोज. पाच महिने मी तेच भूत होतो. एकदा आवाज चढवला, त्याचा उपयोग शून्य, उलट पुढचे आठ दिवस फाईलच सापडेना. त्यामुळं भांडायचं असेल तर काम झाल्यावर भांडा.

सुटलं कसं, तर शिपाई मामांमुळं. ऑगस्टात मला रोज बघून कंटाळले असतील, म्हणाले, "जुनं दप्तर बघितलं काय ओ? खालच्या कप्प्यात हाय." क्लार्कच्या पाठीमागचंच कपाट. खालच्या कप्प्यात लाल कापडात बांधलेला गठ्ठा, सोडला तर वाळवीची माती सांडली पायावर. आत घरपट्टीचं जुनं रजिस्टर, 1956 च्या आधीचं, बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचं, अख्खं मराठीत. शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र मोत्यासारखं. बोट फिरवत गेलो आणि सापडलं, परशराम, तोच घर नंबर, पूर्वेला गल्ली, उत्तरेला नदी. क्लार्कला मराठी वाचता येत नव्हतं, मी मोठ्यानं वाचलं, तो कन्नड रजिस्टरातल्या नंबरावर बोट ठेवून ताडत गेला. दोन्ही बोटं एकाच घरावर थांबली. मॅडमनी बघितलं आणि मला म्हणाल्या, "हे आधी का दाखवलं नाहीत?" त्यांच्या कपाटातलं! मी फक्त "होय मॅडम" म्हणालो. पाच महिन्यांत एवढंच शिकलेलो.

वाटलं आता दोन दिवसांत होईल. 27 ऑगस्टला गणपती, मग कोण हजर कोण रजेवर, आणि 31 ऑगस्टपासून राज्यात रजिस्ट्रेशन फी एक टक्क्याची दोन टक्के झाली. म्हणजे इकडं गौरी घरात आल्या आणि तिकडं माझ्या खिशातनं 14 हजार जास्तीचे गेले. हे आठवलं की अजून जेवण गोड लागत नाही. फॉर्म निघाला अनंत चतुर्दशीनंतर.

सब-रजिस्ट्रारकडं अर्ध्या दिवसात झालं, फक्त तात्यांचा अंगठा उमटेना. जन्मभर वीटभट्टीवर काम, रेषाच गेलेल्या. तीनदा मशीननं नाकारला, मग त्यांनी अंगठा डोक्याच्या तेलकट केसांवर घासला, चौथ्यांदा घेतला.

अजून आठवलं ते सांगतो. फॉर्म 11 चा ‘ए’ आहे की ‘बी’ ते आधीच बघा, 9 सोबत 11 ए येतो, नुसता बी असेल तर कर्जाला बँका तोंड वाकडं करतात. दस्त कन्नडमध्ये असतो, तर सही करायच्या आधी वाचता येणाऱ्याकडनं चतुःसीमा मोठ्यानं वाचून घ्या. आमच्यात नदी दक्षिणेला लिहिलेली, बायकोच्या मामांनी पकडलं, नाहीतर कागदावर घर नदीपलीकडं गेलं असतं. आणि कोरड्या दिवसांत बघून घर पसंत करू नका हो, एकदा आषाढात जाऊन भिंतीला हात लावून या. आम्ही नाही गेलो, स्वयंपाकघराची भिंत ओल धरते ते आता कळतंय.

आईला मागच्या पायरीवर खुर्ची टाकून दिलीय, संध्याकाळी तिथंच बसते, नाल्याचं नाव काढत नाही. हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं, बिल मात्र अजून परसप्पाच्या नावानं येतं. नाव बदलायला अर्ज द्यायला पाहिजे, बायको आठवड्याला एकदा म्हणते. बघू, पावसाळा झाल्यावर.