तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांचा लाडका युरोव्हिजन का हरतो?

युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा. दर मे महिन्यात ती झाली की हाच प्रश्न येतो, नावं तेवढी बदलतात. २०२३ साली "फिनलंडचा कॅरिया हरलाच कसा?", २०२४ साली "क्रोएशियाचा बेबी लझानिया हरलाच कसा?" आणि पाठोपाठ ठरलेली पुरवणी, "म्हणजे सगळं आधीच ठरलेलं असतं ना?" ठरलेलं काही नसतं. पण बरंचसं आधी ओळखता येतं, आणि त्यासाठी फेव्हरिट गाण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या चार-पाच गाण्यांकडे बघावं लागतं. लोकांचा लाडका जिंकणार की नाही, हे एकट्या लोकांच्या हातात नसतं. ज्युरी, म्हणजे प्रत्येक देशातले जाणकार परीक्षक, अनेक गाण्यांत फुटली तर तो जिंकतो, एकाच गाण्यावर एकवटली तर हरतो. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी हिशेब.

ज्यांनी ही स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी नियम. युरोपातल्या सार्वजनिक वाहिन्या १९५६ पासून ती भरवतात. प्रत्येक देश एक नवं गाणं पाठवतो. गाणं तीन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे आणि मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत. प्रत्येक देश गुणांचे दोन संच देतो, एक ज्युरीचा आणि एक प्रेक्षकांचा. दोन्हींत पहिल्या गाण्याला १२, दुसऱ्याला १०, मग ८ पासून १ पर्यंत. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. २०१६ पासून हे दोन संच वेगवेगळे जाहीर होतात, आणि तेव्हापासूनच ही भांडणं एवढ्या तपशिलात करता येतात.

या गुणपद्धतीत दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की फरक मोजला जात नाही, फक्त क्रमांक मोजला जातो. वर्गात पहिला नंबर एका मार्काने आला काय किंवा वीस मार्कांनी आला काय, प्रगतिपुस्तकावर 'पहिला' एवढंच लिहितात, इथेही तसंच. जर्मनीत लाखो मतं मिळवून आलेले १२ आणि सान मारिनोचे १२ यांचं वजन सारखं. दुसरा खाचखळगा म्हणजे अकराव्या क्रमांकाला शून्य. २०२५ मध्ये ब्रिटनला प्रेक्षकांचे शून्य गुण मिळाले. त्याचा अर्थ कुणीच मत दिलं नाही असा नाही, कुठल्याही देशात ते गाणं पहिल्या दहात आलं नाही असा आहे. त्याच वर्षी यजमान स्वित्झर्लंडच्या झोई मे या गायिकेला ज्युरीचे २१४ आणि प्रेक्षकांचे शून्य. शांत, नीटनेटकं, एकटीने उभं राहून गायलेलं गाणं होतं ते. कुणालाही न खटकणारं गाणं ज्युरीच्या यादीत सहज वर सरकतं. पण पैसे मोजून मत देणारा माणूस न खटकणाऱ्या गाण्यासाठी फोन उचलत नाही.

आता २०२३. लिव्हरपूलच्या अंतिम फेरीत स्वीडनच्या लोरीनला एकूण ५८३ गुण मिळाले, ज्युरीचे ३४० आणि प्रेक्षकांचे २४३. फिनलंडच्या कॅरियाला एकूण ५२६, ज्युरीचे १५० आणि प्रेक्षकांचे तब्बल ३७६. लोकांनी त्याला १३३ गुणांची आघाडी दिली, ज्युरीने तिला १९०ची दिली, आणि उरलेल्या ५७ गुणांनी ती जिंकली. इथपर्यंतचं सगळ्यांना पाठ असतं. ज्या आकड्याकडे कुणी बघत नाही तो म्हणजे १७७. ज्युरीच्या यादीत लोरीनखालोखाल आलेल्या इस्रायलचे ते गुण. त्यांच्यामागे १७६वर इटलीचा मार्को मेंगोनी. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात जवळजवळ दुपटीचं अंतर. उरलेल्या सगळ्या गाण्यांमध्ये ज्युरी विखुरली, आणि लोरीनवर एकवटली.

असं का व्हावं? ज्युरीला चार गोष्टी बघायला सांगितलेल्या असतात: रचना आणि तिचं नावीन्य, मंचावरचं सादरीकरण, गळा आणि एकूण ठसा. त्यांनी दिलेल्या क्रमांकांची बेरीज करतानाही वरच्या क्रमांकांना जास्त वजन असतं. लोरीन चारही रकान्यांत वर होती. दोन अवाढव्य पडद्यांच्या फटीत आडवी पडून गायला सुरुवात करायची आणि शेवटच्या वरच्या स्वरापर्यंत दम टिकवायचा, हे सोपं काम नव्हे. कॅरियाचं गाणं दोन तुकड्यांचं. पहिला अर्धा भाग रॅपचा आणि ओरडण्याचा, दुसरा गोड नाचऱ्या पॉपचा. कार्यक्रम म्हणून त्या रात्री त्याच्या जवळपासही कुणी नव्हतं, हे माझं आजही मत आहे. पण 'गळा' या रकान्यात त्याला वर ठेवायला ज्युरीला आधार नव्हता. तरीही १५० मिळाले, चौथा क्रमांक आला. ज्युरीने त्याला झिडकारलं ही लोकप्रिय तक्रार मला पटत नाही. त्याचा घात झाला तो इतर गाणी ज्युरीसाठी फिकी पडल्यामुळे. लोरीनच्या तोडीचं आणखी एक गाणं त्या वर्षी असतं तर तिचे साठ-सत्तर गुण तिकडे वळले असते आणि कप हेलसिंकीला गेला असता.

हे नुसतं 'असतं-तसतं' नाही, शेजारची वर्षं तपासा. २०२१ मध्ये इटलीचा मोनेस्किन हा रॉक बँड जिंकला. प्रेक्षकांचे ३१८, ज्युरीचे २०६, ज्युरीकडे क्रमांक चौथा, म्हणजे कॅरियाइतकाच! फरक एवढाच की त्या वर्षी ज्युरीकडे पहिल्या आलेल्या स्वित्झर्लंडला २६७ मिळाले, फ्रान्सला २४८, माल्टाला २०८. ज्युरी तीन-चार ठिकाणी वाटली गेली आणि लोकांचा लाडका मधून निघून गेला. २०१८ मध्ये जिंकलेली इस्रायलची नेट्टा ज्युरीकडे तिसरी होती, पण तिथला सर्वोच्च आकडा २७१च होता. २०२२ मध्ये युक्रेनच्या कलुश ऑर्केस्ट्राला प्रेक्षकांचे ४६८ पैकी ४३९ मिळाले. युद्ध सुरू झाल्यावरच्या त्या वर्षी ज्युरीच्या मतांनी फारसा फरक पडणार नव्हता, म्हणून ते वर्ष मी पुरावा म्हणून फारसं वापरत नाही.

मात्र ज्युरी फुटणं पुरेसं नाही, लाडक्याच्या खात्यातही तिचे काही गुण लागतात. २०१९ मध्ये नॉर्वेचे केइनो हे त्रिकूट प्रेक्षकांत पहिले होते, २९१ गुण. ज्युरीने दिले ४०. स्पर्धेत सहावे. नेदरलँड्सच्या डंकन लॉरेन्सला ज्युरीचे २३७ आणि लोकांचे २६१. दोन्हीकडे पहिला नाही आणि तोच विजेता. २०१६ मध्ये जिंकलेली युक्रेनची जमाला तर दोन्हीकडे दुसरीच होती. दोन्हीकडे दुसरं येणं हा युरोव्हिजन जिंकण्याचा अगदी भक्कम मार्ग आहे, आणि चाहत्यांच्या यादीत अशा गाण्याला मार्चमध्ये कुणी हुंगतही नाही.

बेबी लझानियाचं दुखणं वेगळं. क्रोएशियाला २०२४ मध्ये ज्युरीचे २१० मिळाले, म्हणजे मोनेस्किनपेक्षा जास्त. पण स्वित्झर्लंडच्या नेमोंना ज्युरीने ३६५ दिले. रॅप, ऑपेरा आणि ड्रम अँड बेस (वेगवान ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत) एकाच गाण्यात, तेही फिरत्या, कलत्या तबकडीवर तोल सावरत. ज्युरी अशा वेळी हात आखडता घेत नाही. शिवाय लोकांची मतं त्या वर्षी तिघांत वाटली गेली: क्रोएशिया ३३७, इस्रायल ३२३, युक्रेन ३०७. समजा क्रोएशियाला कॅरियाइतके ३७६ मिळाले असते, तरी बेरीज ५८६ झाली असती. नेमोंचे ५९१. म्हणजे त्या वर्षी हरलेल्याला खरोखर काही करता येण्याजोगं नव्हतं.

२०२५च्या बासेलबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, कारण सट्टेबाजांचा फेव्हरिट असलेला स्वीडन चौथा आला. मला त्यात धक्का बसण्यासारखं काही वाटलं नाही. फिनलंडमधल्या स्वीडिश बोलणाऱ्या तीन विनोदवीरांचं ते सौनाचं, म्हणजे फिनिश वाफेच्या स्नानघराचं, गाणं मजेदार होतं, स्टेजवर खराखुरा सौना उभारल्यासारखं होतं. पण विनोदी गाण्याला ज्युरी मधला क्रमांक देऊन मोकळी होते (१२६), आणि लोकांमध्ये हसवणारा आणखी एक गडी होता, एस्टोनियाचा टॉमी कॅश. त्याच्या कॉफीच्या गाण्याने २५८ नेले, स्वीडनला १९५ उरले. एकाच गिऱ्हाइकाच्या गल्लीत दोन दुकानं उघडली, की दोघांचाही गल्ला कमी भरतो. टॉमी कॅशला जिंकायला ज्युरीचे सुमारे १८० लागले असते, मिळाले ९८.

इस्रायलची युवल राफाएल प्रेक्षकांत २९७ घेऊन पहिली, ज्युरीकडे ६०. या आकड्यावर गाण्यापलीकडच्या गोष्टींचं सावट आहे. तेव्हा एका माणसाला वीस मतं देता येत होती, आणि ज्यांना एकाच देशाला पाठिंबा द्यायचा होता त्यांची वीसही मतं एका जागी पडत होती. विरोध मात्र इतर पंचवीस गाण्यांत विखुरतो. नापसंतीचं मत नावाची गोष्टच इथे नाही. नंतर स्पेनच्या वाहिनीने टेलिव्होटच्या, म्हणजे प्रेक्षकांच्या मतदानाच्या, तपासणीची मागणी केली. पुढच्या नोव्हेंबरमध्ये नियम बदलले: वीसऐवजी दहा मतं, सरकारी पाठबळाच्या मोठ्या प्रचारमोहिमांना आळा, ज्युरीत पाचऐवजी सात जण, त्यांतले किमान दोघे १८ ते २५ वयाचे, आणि २०२३ पासून उपांत्य फेरीतून बाहेर असलेली ज्युरी परत आत. तरुण ज्युरर आल्याने कॅरियासारख्यांना बळ मिळेल असं बरेच जण म्हणतात. मला शंका आहे. संगीताचं शिक्षण घेतलेला बावीस वर्षांचा मुलगा कधीकधी पन्नाशीच्या संगीतकारापेक्षा जास्त सोवळा असतो.

आणि विजेता ऑस्ट्रियाचा जेजे? ज्युरीचे २५८, लोकांत १७८ घेऊन चौथा. काउंटरटेनरचा, म्हणजे पुरुषाचा पण स्त्रीसारखा उंच आवाज, कृष्णधवल चित्र, वादळातली नाव, आणि शेवटच्या टप्प्यात अचानक टेक्नो. नेमोंची पाककृती आदल्या वर्षीच गाजली होती आणि इथे तीच थोडी गडद करून वाढली, असं माझं मत; पण ज्युरीकडे २०० पार आणि लोकांकडे दीडशे पार जाणारं त्या वर्षी दुसरं गाणंच नव्हतं.

तर मार्चमध्ये गाणी बाहेर आली की काय करायचं? तीन ढीग करा: ज्युरीची, लोकांची, दोन्हीकडची. ज्युरीच्या ढिगात तगडी गाणी तीन किंवा जास्त असतील तर लोकांच्या लाडक्याला संधी आहे. एकच असेल तर नाही. मग त्या सगळ्यांचं प्रत्यक्ष गायन शोधा, स्टुडिओतली ध्वनिफीत ऐकून मत बनवू नका. एप्रिलमध्ये युरोपात चाहत्यांचे कार्यक्रम होतात, तिथे सजावट नसते, माइक आणि माणूस एवढंच. मुख्य गायकाला थेट गावंच लागतं. वाद्यं पूर्ण ध्वनिमुद्रित असतात, त्यामुळे मंचावरचा ड्रमर कितीही घाम गाळो, तो अभिनय आहे. पाठीमागचे सूरही २०२१ पासून ध्वनिमुद्रित चालतात, म्हणून कोरसमध्ये कुणाचा आवाज भरदार वाटला तर भाळू नका. कडव्यातले खालचे स्वर ऐका, पट्टी तिथेच सुटते.

ज्युरी आपलं मत शनिवारी देत नाही. आदल्या संध्याकाळच्या रंगीत तालमीवर देते, जी प्रक्षेपित होत नाही. शुक्रवारी ज्याचा घसा बसला त्याचे निम्मे गुण शनिवारच्या कितीही सुंदर गाण्याने परत येत नाहीत. 'एवढं छान गायला आणि ज्युरीने डावललं' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असू शकतं.

गाणं कितव्या क्रमांकावर येतं याचा बाऊ करू नका. दुसऱ्या क्रमांकावर गाऊन अजून कुणी जिंकलेलं नाही, हे खरं. पण लोरीन आणि जेजे दोघंही नवव्या क्रमांकावर गायले, मोनेस्किन चोविसाव्या.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: अंतिम फेरी आपल्याकडे शनिवार उलटून रविवारी पहाटे साडेबाराला सुरू होते आणि चार तास चालते. २०२३ पासून आपल्यालाही कार्डाने ऑनलाइन मत देता येतं. सहभागी नसलेल्या सगळ्या देशांची मतं मिळून एक संच धरला जातो. ज्युरीचे गुण देशागणिक आधी येतात, साधारण साडेतीन-पावणेचारच्या सुमाराला. त्या वेळी फक्त दोन आकडे टिपा: ज्युरीचा पहिला आणि तुमच्या लाडक्याचा. पहिला ३३०च्या पुढे आणि तुमचा दीडशेच्या आसपास असेल, तर खुशाल दिवा मालवून झोपा. पहिला २७०च्या आत आणि तुमचा दोनशेला टेकलेला असेल, तर चहा टाका.