शेजवान आणि तिरफळं

आमच्या नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर ‘सेजवान’, ‘शेजवान’ आणि ‘शेझवान’ ही तिन्ही रूपं एकाच फळ्यावर गुण्यागोविंदाने नांदतात. गाडी लाल, ड्रॅगन पिवळा, आणि जागा संपल्यामुळे त्याची शेपटी दुमडून पुन्हा त्याच्याच तोंडाशी आलेली. कॉलेजात असल्यापासून मी इथलं गिऱ्हाईक. गाडीवाला नेपाळचा, बोलायला कमी. ‘एक ट्रिपल, तिखा’ एवढंच सांगायचं. मग कढईखाली जाळ भडकतो, कोबी-गाजर हवेत उडतं, झारा आपटतो, आणि भात, नूडल्स, वर तळलेल्या नूडल्सचा चुरा नि बाजूला वाटीत लालभडक ग्रेव्ही असा ऐवज समोर येतो.

शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत, हे कधीतरी कानावर आलं होतं. त्याने माझ्या खाण्यात काही फरक पडला नव्हता. म्हैसूरपाक खाताना म्हैसूर कोणाला आठवतं?

मग कंपनीने एका यंत्राच्या तपासणीसाठी मला १० दिवस चेंगडूला धाडलं. ही सिचुआनची राजधानी. ‘चंगळ आहे लेकाची,’ मित्र म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

पहिल्याच संध्याकाळी तिथल्या कारखान्यातली इंजिनिअर बाई मला जेवायला घेऊन गेली. मेन्यूतल्या चित्रांत मी एखादा ओळखीचा चेहरा शोधत होतो. मंचाव सूप नाही, चायनीज भेळ तर नाहीच. शेवटी मँचुरियनचं विचारलं. ती गोंधळली आणि म्हणाली, मांचुरिया इथून खूप लांब, ईशान्येला आहे, तिकडे थंडी फार असते. भूगोल अगदी बरोबर होता. पण तिला कसं सांगणार, की मँचुरियनचं माहेर चर्चगेटला आहे? कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वाँग १९७५ साली तिथल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करायचे. गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस ओतला आणि कॉर्नफ्लोअरमध्ये तळलेली कोंबडी त्यात सोडली. झालं मँचुरियन.

टेबलावर टोफूचं भांडं आलं. मापो टोफू. चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेल्या एका चेनबाईच्या खाणावळीत, १८६२ साली, याच शहरात तो पहिल्यांदा झाला असं सांगतात. नावही त्या व्रणांवरूनच पडलं. लाल तेलात पांढऱ्या वड्या, थोडा खिमा, वर तपकिरी पूड. पहिला घास तिखट लागला, ते ठीक. दुसऱ्या घासाला ओठ झिणझिणायला लागले, जिभेचं टोक माझं राहिलं नाही, आणि नाकात एक वास चढला. थोडा लिंबाच्या सालीचा, थोडा ओल्या लाकडाचा. हा वास मला ठाऊक होता. चीनमधला नव्हे, वेंगुर्ल्यातला. आजीच्या चुलीजवळचा.

तिरफळ!

आजीकडे हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीत वर्षभराची तिरफळं असायची. गणपतीच्या आसपास हिरवे घोस घरात यायचे, सुपात वाळत पडायचे. वाळली की फळं उकलतात आणि आतून काळी, चकचकीत बी डोकावते. ती वेचून टाकायचं काम आम्हा पोरांचं. बांगड्याच्या तिखल्यात, तारल्यांच्या कालवणात सात-आठ टरफलं किंचित ठेचून पडायची. कोळंबीत मात्र कधी नाही. तेलकट मासळीलाच तिरफळ, असा तिचा कायदा. ताट पुढ्यात आलं की वाक्य ठरलेलं, ‘तिरफळ चावू नको रे, जीभ बधिर होतली.’ मी हमखास चावायचो.

मी खुणेने विचारल्यावर त्या बाईने सुक्या मिरच्यांत पुरलेल्या कोंबडीतून एक अख्खं टरफल काड्यांनी उचलून दाखवलं. ‘हुआजाओ.’ यातलीही काळी बी टाकून देतात, ती कचकच लागते, हेही सांगितलं. ‘मा’ म्हणजे बधिर, ‘ला’ म्हणजे तिखट. इथल्या जेवणाचा बराच कारभार या ‘माला’वर चालतो. आजीच्या तोंडी जी ताकीद होती, तिची इथे चव झाली होती.

हॉटेलवर परतून शोधाशोध केली. दोन्ही झाडं झँथोझायलम घराण्यातली, दोन्ही काटेरी. वरचं कुळ लिंबू, बेल आणि कढीपत्त्याचं. म्हणजे सख्खी नाहीत, चुलत. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी लोकांच्या ओठांना हुआजाओची पूड लावून बघितलं, तर ती झिणझिण सेकंदाला सुमारे ५० कंपनांची निघाली. आपल्या घरच्या विजेचाही आकडा ५०च. तिखलं खाताना करंट लागल्यासारखं व्हायचं, ते उगाच नव्हतं.

आणि गाडीवरच्या शेजवानात काय असतं? भिजवून वाटलेली लाल मिरची, ढीगभर लसूण, व्हिनेगर, सोया, साखर. ज्या एका चिजेवाचून सिचुआनवाल्यांचं पान हलत नाही, ती सोडून सगळं. अमेरिकेतल्या सिचुआन हॉटेलांना निदान सबब होती. लिंबू-संत्र्याच्या बागांना रोग लागेल म्हणून १९६८ ते २००५ तिथे हुआजाओच्या आयातीवर बंदी होती. आपल्याकडे कोणी बंदी घातली होती? तिरफळ दादरला मिळतं. पण भारतात चायनीज रुजवलं ते मुख्यतः कलकत्त्याच्या हक्का या चिनी समाजातल्या मंडळींनी. त्यांचं मूळ गाव चीनच्या दक्षिणेकडे, ग्वांगडोंग प्रांतात. सिचुआन त्यांनाही परमुलुखच. तेव्हा नाव चीनहून आलं, तिखट ब्याडगीहून, आणि दोन्हीकडे झाडावर पिकणारी वस्तू तेवढी राहून गेली.

तरी गाडीवर माझा राग नाही. खरं सांगायचं तर सातव्या दिवशी मला चेंगडूत चायनीजची आठवण येऊ लागली होती.

येताना हुआजाओचं पाकीट आणलं. आईने ते हुंगलं, पारखलं आणि तिरफळाच्या हिशेबाने सात-आठ दाणे बांगड्यात घातले. जेवताना दोन मिनिटं ती काहीच बोलली नाही. बोलता येत नव्हतं बहुधा. मग पाणी पिऊन म्हणाली, ‘जात तीच आहे, पण आगाऊ आहे.’

उलटा प्रयोग बाकी होता. शनिवारी घरच्या बाटलीतली चार तिरफळं कागदाच्या पुडीत बांधून गाडीवर गेलो. गर्दी नव्हती. गाडीवाल्याला म्हटलं, माझ्या ट्रिपलमध्ये हे ठेचून टाक. बाहेरचा माल कढईत घालायला तो नाखूश होता. पुडी उघडून त्याने टरफल बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला मनापासून हसताना पाहिलं.

‘साब, ये तो टिमुर है! हमारे गांव में अचार में डालते हैं. मां तो मोमो की चटनी इसके बिना बनाती ही नहीं.’

‘मग इथे का नाही घालत?’

‘यहां?’ त्याने झारा उचलून फळ्यावरच्या ड्रॅगनकडे दाखवला. ‘साब, चायनीज में ये कौन डालता है!’