पाच मिनिटं, १०० अंक: मोर उलटा चालायला लागला

पाच मिनिटांत १०० अंक पाठ करून लिहायचे, हा माझा रविवारचा सराव. या रविवारचा निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे लाज एकदाची संपेल. १००पैकी ८८ अंक बरोबर, आणि स्पर्धेच्या नियमाने गुण शून्य.

४० अंकांच्या ओळीत एक चूक झाली तर निम्मे गुण, दोन झाल्या की अख्खी ओळ बाद. माझी सहा चित्रं चुकली आणि ती तिन्ही ओळींत अशी नेमकी पसरली की शेवटची २० अंकांची अर्धी ओळसुद्धा वाचली नाही. मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की आता ९६च्या खाली यायची नाही. घ्या.

बदल म्हणाल तर काहीच केला नव्हता. कटपयादी (व्यंजनांना अंक देणारी जुनी पद्धत: ग ३, य १, म्हणून गाय ३१) तीच, डावीकडून उजवीकडे वाचायची. दोन अंकांना एक चित्र, आणि ती चित्रं ओळीने ठेवायला मनातला ५० थांब्यांचा जुनाच महाल. पहिला संशय अर्थातच वयावर गेला. ६४व्या वर्षी साधा चष्मा सापडेना झाला तरी मनात आधी तेच येतं. आदल्या रात्री किती झोपले, मधे कुणी हाक मारली का, टायमरची टिकटिक नडली का, सगळं तपासून झालं. (टायमर बदललाच. टिकटिक करणारं यंत्र पाठांतराच्या टेबलावर ठेवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण माझ्याच्याने ते होत नाही.)

सोमवारी नात उत्तरपत्रिका घेऊन बसली. लाल पेन हातात आलं की तिला चेव येतो. दहा मिनिटांनी म्हणाली, "आजी, तू विसरली नाहीयेस गं. उलटं लिहिलंयस."

बघते तर खरंच. ३१च्या जागी १३, ५२च्या जागी २५, ६३चे ३६, ९२चे २९, ३४चे ४३, ७२चे २७. सहाच्या सहा. आणि चित्रं जागच्या जागी होती! जिन्याच्या पहिल्या पायरीवर गाय होती, कपाटाच्या दारात मोर अडकलेला होता, खिडकीतून धूर येत होता. मला सगळं लख्ख दिसलं होतं. गोंधळ झाला तो चित्राचा परत आकडा करताना.

पण मग हीच सहा का? मासा ५७, साप ७१, खुर्ची २६, दोरी ८२, ही मंडळी सरळ आली. आकडे मोठ्या अक्षरात छापून पाहिले, बोट ठेवून वाचले, वेग कमी केला. मंगळवारी मुद्दाम हे सहाही आकडे पेरून नवा कागद बनवला, तर त्यातले चार पुन्हा उलटे. आता आकड्यांच्या मधे मोकळी जागा सोडा असं सुचवू नका. स्पर्धेत ओळ सलग छापलेली असते, त्यामुळे जोड्या पाडून केलेला सराव मी सराव धरत नाही.

उलगडा बुधवारी झाला, तोही भलत्याच कामात. ॲन्कीवर (कार्डं दाखवून उजळणी घेणारं ॲप) रोजची उजळणी चालली होती. कार्ड आलं: १३. उत्तर: गायकप्रिया. आणि हात तिथेच थांबला. गा म्हणजे ३, य म्हणजे १, उजवीकडून वाचायचं म्हणून १३.

गाय!

दोन महिन्यांपूर्वी मी ७२ मेळकर्त्यांची, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या मूळ रागांची, यादी पाठ करायला घेतली, ते तुम्हाला आठवत असेल. रागाच्या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांत त्याचा क्रमांक लपलेला असतो, पण तिथे 'अंकानां वामतो गतिः', म्हणजे वाचायचं उजवीकडून. मी यादी पुढे ओढली. माररंजनी २५, आणि माझा मोर. चलनाट ३६, माझी चूल. धीरशंकराभरण २९, माझा धूर. गवांभोधी ४३, माझा गवा. सरसांगी २७, माझी सुरी. ज्या चित्रांची व्यंजनं एखाद्या रागाच्या सुरुवातीशी तंतोतंत जुळत होती, तेवढीच फिरली होती. म-र दिसलं की दोन महिन्यांची ताजी सवय पुढे सरसावून २५ म्हणायची, आणि तीन वर्षांचं जुनं ५२ मागे राहायचं.

नंतर शिकलेलं आधीच्या शिकलेल्याच्या वाटेत येतं, हे म्युलर आणि पिल्झेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९०० साली मांडून ठेवलंय. मी ते वाचलेलंही होतं. आपल्यातल्या एकीने तेव्हाच बजावलं होतं की एकाच लिपीला दोन दिशा देऊ नकोस. तिची जाहीर माफी. पण खरं सांगू? मला आनंदच जास्त झाला. तीन दिवस वयाच्या नावाने खडे फोडत होते, आणि दोष निघाला ७२ रागांचा. त्या रात्री यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली, न अडखळता. ऐकणारं कुणी नव्हतं, पण म्हटली.

उपाय म्हणून सहाही चित्रं बदलली. ३१ला बोका, ५२ला शंख, ६३ला चेंडू, ९२ला झरा, ३४ला लावा. ७२ला छत्री, कारण जोडाक्षरात शेवटचंच व्यंजन मोजायचं, म्हणून त्रीचा र. ही छत्री मी सुरुवातीला नाकारली होती, कारण घाईत हमखास त मोजला जायचा आणि ७६ व्हायचं. आता तो त्रास होत नाही. मधल्या काळात काहीतरी शिकले म्हणायचं.

गुरुवारी ९४. भुतं अर्थातच आहेत. कपाटाच्या दारात शंख ठेवला, तर त्याच्यामागून पिसारा डोकावतो. सगळ्यात गंमत ६३ची. चेंडू ठेवायला गेले तर तिथे चूल पेटलेलीच होती, मग चेंडू चुलीत घातला. रबराचा वास आला. तो थांबा आता जन्मात विसरणार नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि एक वेगळंच सुचलं. चित्रं बदलण्याऐवजी दिशाच चित्रात घातली तर? रागांची चित्रं उलटी चालवायची. मोर सरळ चालला तर ५२, पाठमोरा मागे मागे सरकत आला तर २५ म्हणजे माररंजनी. मग दोन्ही जगं एकाच महालात नांदतील, आणि कदाचित १००च्या जागी २०० चित्रंही... थांबा, आधी करून बघते.

अर्ध्या तासाने परत आले. वीस राग उलटे चालवून पाहिले. सतरा जमले. धूर उलटा जाताना फार छान दिसतो, खिडकीतून आत ओढला जातो. तेव्हा शंखाची बदली रद्द, मोर परत येतोय. झऱ्याचीही गरज नाही. काल मोठ्या तोऱ्यात केलेल्या बदलांपैकी निम्मे आज मागे घेतेय, त्याला इलाज नाही.

एक बारकी गोष्ट. मेंदूचे खेळ देणारं ते चकचकीत वर्गणीवालं ॲप मी बंद केलं. त्यात माझे गुण वाढत होते, पण ते त्याच खेळात. मेंदूच्या सरावाचा उपयोग तपासणाऱ्या ॲक्टिव्ह चाचणीत ६५ ते ९४ वयाचे २,८३२ लोक होते, आणि २००२ला निकाल आला तो हाच: ज्यांना स्मरणशक्तीचं शिकवलं त्यांचं स्मरण सुधारलं, तर्काचं शिकवलं त्यांचा तर्क. एकाचा फायदा दुसरीकडे गेला नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन यांच्या १९८०च्या अंक-पाठांतराच्या प्रयोगातला तो विद्यार्थी ७ अंकांवरून ७९वर गेला, पण अक्षरं दिली की पुन्हा सहाच्या आसपास. म्हणून शंभर अंक पाठ करणारी मी चष्मा शोधत फिरते, यात विसंगती काही नाही. चष्म्याला थांबा द्यावा लागतो, आणि तो मी देत नाही. मी हे करते कारण मजा येते, आणि दर रविवारी कालपर्यंत न येणारं काहीतरी यायला लागतं. त्यासाठी ॲन्की आणि कागद पुरतो.

पुढच्या रविवारी १२० अंक. रागांची उजळणी शनिवारी बंद ठेवणार, निदान एकदा तरी, म्हणजे उलट्या चालीचा फरक किती आणि विश्रांतीचा किती ते कळेल. हो, म्हणजे दोन रविवार लागतील, एक रागांसकट आणि एक रागांशिवाय. १२०चं मग नंतर बघू, आधी १००वरच.

गाय मात्र मागे मागे चालायला तयार नाही. कितीही ओढलं तरी वळून सरळच येते. ३१ला बोकाच राहील.