आमची वाटचाल: सूचनापेटी उतरवली तेव्हापासून

टर्निंग आणि ड्रिलिंगची कामं करणारं आमचं छोटं युनिट. सतत सुधारणा हवी म्हणून आम्हीही फाइव्ह एसचे (कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचे) तक्ते लावले, सूचनापेटी टांगली. थोडे दिवस चिठ्ठ्या आल्या, मग पेटीची किल्ली कुणाकडे आहे हेही कुणाला आठवेना. कामगारांना काही सुचत नव्हतं असं मुळीच नाही. चहाच्या सुट्टीतलं त्यांचं बोलणं लिहून घेतलं असतं तर वही भरली असती.

टोयोटाची सूचना योजना 1951 साली सुरू झाली. ती टिकली याचं श्रेय आपल्याकडे सरसकट जपानी शिस्तीला दिलं जातं. मला ते पटत नाही. तिथे अडचण दिसली की कामगार इशाऱ्याची दोरी ओढतो आणि टीम लीडर लगेच त्याच्यापाशी येतो. एखाद्या वागण्यापाठोपाठ काय घडतं, यावर ते वागणं पुन्हा होईल की नाही हे बरंचसं ठरतं, मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी आयुष्यभर हेच तपासलं. आमच्या पेटीत चिठ्ठी टाकल्यावर काय घडायचं? काही नाही. आणि मशीन थांबवून दोष दाखवला, तर सुपरवायझरच्या कपाळावर आठी.

पेटी उतरवली. आता चिठ्ठी थेट सुपरवायझरच्या हातात जाते आणि त्याच पाळीत उत्तर मिळतं. जमणार नसेल तर तेही कारणासकट. रोख बक्षीस मुद्दाम ठेवलं नाही, नाहीतर 'ही आयडिया माझीच' यावरूनच जुंपायची.

सुपरवायझरना 'नीट बोला' असं सांगून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं 'असं झालं, की असं करायचं' हे सूत्र इथे कामाला आलं: मशीन थांबलं, की पहिलं वाक्य 'बरं झालं दाखवलंस', चौकशी नंतर. सुरुवातीला ते पोपटपंचीसारखं वाटायचं, कामगार गालातल्या गालात हसायचे. पण दोष लपवणं कमी झालं.

एक प्लेट फिक्स्चरमध्ये (काम पकडून ठेवणाऱ्या साच्यात) उलटीही बसायची आणि भोक चुकीच्या बाजूला पडायचं. 'लक्ष देऊन काम करा' हा फलक समोरच होता! ड्रिलवरच्या मुलाने सुचवलं, कोपऱ्यात एक पिन ठोका. आता प्लेट उलटी बसतच नाही. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी 1961 साली यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात असंच केलं होतं. स्विचमध्ये दोन स्प्रिंगा घालायच्या असत, त्यातली एखादी राहून जायची, म्हणून दोन्ही स्प्रिंगा आधी एका बशीत काढायला लावल्या. बशीत एखादी उरली की विसर जागच्या जागी कळायचा. माणसाला बोल न लावता कामाची मांडणी बदलायची, हे मला सगळ्यात पटलेलं आहे.

रात्रपाळीचं गाडं मात्र अडलेलंच आहे. तिथे सुपरवायझर एकच, त्यामुळे उत्तर सकाळवर जातं. ड्रॉइंगला धक्का लागत नसेल तर छोटे बदल सेटरनेच (मशीन लावून देणाऱ्या कारागिरानेच) मंजूर करावेत, अशी मुभा सध्या देऊन पाहतोय.