७२ तासांची तयारी आणि पिवळ्या कार्डाचे १० दिवस

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा मी मदत छावण्यांतलं पाणी तपासत होते. नळाच्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम आहे ना, हे दिवसभर बघायचं. तेव्हाच मनात बसलं की परदेशी आपत्तीत धावून जाणाऱ्या पथकात जायचं. अर्ज, मुलाखत, सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण, सगळं पार पडलं. अट एकच: फोन आला की ७२ तासांत निघायचं.

घोडं अडलं पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लशीपाशी. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. मी गेले ते केंद्र बडोद्याहून दोन तासांवर, आणि लस फक्त मंगळवारी. पहाटेची गाडी पकडून रांगेत उभी राहिले. अकरा वाजता खिडकीतले भाई म्हणाले, "बेन, आवता मंगळवारे आवजो." कुपीत दहा जणांची लस असते, एकदा कालवली की सहा तासांत संपवावी लागते, आणि आम्ही होतो सहाच. लस वाया जाऊ नये हे मला पटतं. पण आदल्या दिवशी मी दोनदा फोन केला होता, तेव्हा "या, मिळेल" एवढंच का सांगितलं? माझ्यामागे आणंदचा एक मुलगा होता, नोकरीसाठी घानाला निघालेला. त्याचं विमान बाराव्या दिवशी. लस घेतल्याचं जे पिवळं कार्ड विमानतळावर दाखवावं लागतं, ते लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. त्या दिवशी सुई टोचली असती तर निभावलं असतं, पुढच्या मंगळवारी टोचून उपयोग नव्हता. तो बराच वेळ पासपोर्ट हातात धरून बाकावर बसून राहिला. मला आजही त्या खिडकीचा राग येतो.

म्हणून सांगते, पथकात नाव लागायची वाट बघू नका, अर्ज करतानाच लस घ्या. जुलै २०१६ पासून हे कार्ड जन्मभर चालतं, दर १० वर्षांनी घ्यावी लागते हे आता जुनं झालं. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

त्या दिवशी केंद्रातून निघण्यापूर्वी आम्ही सहा जणांनी नंबर घेऊन गट केला आणि ओळखीपाळखीत विचारत सुटलो. पुढच्या मंगळवारी अकरा जण जमलो. सिस्टरनी कुपी उजेडात धरली. तळाशी चिमूटभर पांढरी पूड होती. पाणी घालून ती हलकेच फिरवली आणि दंडावर कातडीखाली टोचलं. दोन मिनिटांचं काम.

कार्ड मात्र तिथेच उभं राहून वाचा. माझ्या आडनावातलं एक अक्षर गळलं होतं. "चालशे" म्हणाले, पण मी खाडाखोड न करता नवं कार्ड लिहून घेतलं. पासपोर्ट नंबर, कुपीचा बॅच नंबर, सही, शिक्का, सगळं तपासलं. मूळ पासपोर्ट न्यायला विसरू नका, झेरॉक्सवर काम होत नाही.

फोन गुरुवारी रात्री आला, रविवारी मी युगांडात एंटेबे विमानतळावर होते. तिथे सर्वांत आधी पिवळं कार्डच मागितलं. त्या बाईंनी नाव पासपोर्टशी अक्षर-अक्षर ताडून पाहिलं आणि मला पुढे सोडलं.

आमचा गट अजून आहे. ओळखीचं कुणी निघालं की दर सोमवारी त्यात विचारतो, उद्या किती जण आहेत.