खिडकीतली आठ तारीख

आमच्या हॉलमधल्या घड्याळात दीड महिना आठ तारीखच होती. काटे बरोबर चालायचे, खालच्या खिडकीतली तारीख तेवढी हलायला तयार नव्हती. बाबांनी आणलेलं घड्याळ, म्हणून उतरवायचं नाव कोणी काढलं नाही. दुधाचा हिशेब तसाही भिंतीवरच्या कालनिर्णयवर चालतो.

शेवटी एका रविवारी मी ते टेबलावर पालथं घातलं.

"चालून राहिलं ना बाप्पा, मग काहून खोलून राहिला?" आई म्हणाली.

आतलं काम मोठं गमतीचं. मध्यरात्री एक चाक दोन पातळ पितळी पट्ट्यांना एकमेकींवर टेकवतं. क्षणभर वीज वाहते, तारेच्या गुंडाळीचं चुंबक खिट्टी ओढतं आणि तारीख एक घर सरकते. चोवीस तासांत एवढीच ड्युटी! पण घड्याळ नेमकं कूलरच्या तोंडासमोर. मे महिन्यात इथे नागपुरात पारा 45 च्या पुढे गेला, की वाळ्याची ओली हवा दिवसरात्र त्याच्या अंगावर. पट्ट्यांच्या टोकांवर काळपट थर धरला होता. थर कसला, नुसती झाक, पण 1.5 व्होल्टच्या सेलला तीही भेदवत नाही.

पहिला मोह पॉलिश पेपरचा. त्यानं टोकांवरचा मुलामा निघतो आणि ओरखड्यांत मळ अजून लवकर बसतो. (शाळेत असताना मी एक टॉर्च असाच घासून घासून संपवला आहे.) म्हणून बर्डीच्या बाजारातून, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. लग्नपत्रिकेची बोटभर पट्टी कापली, त्यात बुडवली, दोन पट्ट्यांमध्ये सरकवली, वरून हलकेच दाबलं आणि ओढली. कागदावर काळी रेघ. चौथ्या खेपेला रेघ उमटली नाही.

मग आगकाडीनं पट्ट्या भिडवल्या. टक्! नऊ. त्या दिवशी तेवीस तारीख होती, म्हणजे अजून चौदा वेळा. आई मोजायला बसली. अठरापर्यंत नीट चाललं. मग तिला आठवलं, की एकोणीसला गॅसवाला येऊन गेला होता, आणि त्याच्या सुट्ट्या पैशांची गोष्ट सुरू झाली. मी टकटक करतच होतो. खिडकीत चोवीस आली.

मागे फिरायची सोय त्यात नाही. पुन्हा तीस टकटक करायचा धीर माझ्यात नव्हता. मग लग्नपत्रिकेचा एक कोरा तुकडा कापला आणि नुकत्याच लखलखीत केलेल्या त्या दोन पट्ट्या रात्रीपुरत्या एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये अडकवून ठेवला.